जांभळ्याला शेजार लागतो

तो दुकानात शिरला, बादलीतला जांभळ्या लिसियान्थसचा अख्खा जुडगा उचलला, आणि एक शब्द न बोलता बाहेर चालता झाला.

भर दुपारी! माझ्या डोळ्यांदेखत!

मी हातातली कात्री टाकली आणि तशीच धावले. अंगावर ओला एप्रन, पायांत दुकानातल्या रबरी चपला, बाहेर पावसाची झिमझिम. "अहो! ओ! ठेवा ती फुलं! चोर कुठले!"

तो पळाला नाही. फुटपाथवर उभा राहून, हात लांब करून, डोळे बारीक करून फुलांकडे बघत होता. उंच, सावळा, गुडघ्यापर्यंत चिखल. कान जरा मोठेच.

"ओरडता कशाला?" तो म्हणाला. "आत तुमच्या ट्यूबलाइटखाली जांभळा निळा दिसतो. मला खरा रंग बघायचा होता."

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

"चोर माल घेऊन तुमच्याच दारात उभा राहतो होय?"

मी सहसा गप्प होत नाही, सगळी गल्ली सांगेल. पण जांभळं फूल उजेडात नेऊन बघणारं दुसरं माणूस मी आजवर एकच पाहिलं होतं… माझी आत्या.

आमचं दुकान मोठ्या रुग्णालयाच्या फाटकासमोर. गिऱ्हाईक दोनच तऱ्हेचं: बरं होणाऱ्याला भेटायला निघालेलं, नाहीतर बरं न झालेल्याला निरोप द्यायला आलेलं. आई-बाबा लहानपणीच गेले, तेव्हापासून मी आत्याकडे, म्हणजे या दुकानातच वाढले. आत्याचा एक नियम होता. लाल, पांढरा, पिवळा कुठेही निवडा, फसत नाही. जांभळा फसवतो. म्हणून जांभळ्याचा गुच्छ बांधायच्या आधी मी दारात फुलं धरून उभी राहायची, आणि आत्या रस्ता ओलांडून पलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी जायची. तिथून ओरडायची, "वर धर! डावीकडे! हां… तो काळपट काढून टाक!" येणारे-जाणारे हसायचे. आत्याला काही फरक पडायचा नाही. हे काम एकटीने होतच नाही. फूल हातात असलेल्या माणसाला ते नीट दिसत नाही, असं ती म्हणायची.

आता खांबापाशी कोणी उभं राहत नव्हतं. आत्या समोरच्या रुग्णालयात होती, मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. फुप्फुसं पार थकली होती. त्या इमारतीतून माणसं घरी येत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. मी तर अजिबातच बोलत नव्हते.

"कशासाठी हवाय जांभळा?" मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"समोर बागेचं काम घेतलंय मी. मागच्या इमारतीखाली एक वाफा रिकामा आहे. वरच्या खिडकीतल्या एका बाईंनी सिस्टरकडून निरोप धाडला… 'खाली जांभळं लाव, नाहीतर लावूच नकोस.'" तो हसला. "आता जांभळं म्हणजे कुठलं? जांभळे काय एक आहेत? म्हटलं, फुलवालीकडे बघून ठरवावं."

असा निरोप जगात एकच बाई धाडू शकते.

"ती माझी आत्या आहे," मी म्हटलं.

त्याने फुलं खाली घेतली. 'अरेरे' म्हणाला नाही, हे त्याचं मला फार बरं वाटलं. नुसतं म्हणाला, "मग तुम्हीच निवडा. मी लावतो."

त्या संध्याकाळी मी वर गेले तेव्हा आत्या उशीला टेकून बसली होती. खिडकीचे पडदे ओढलेले. भेटायची वेळच संध्याकाळची. तोवर अंधार पडलेला असायचा आणि सिस्टर पडदे ओढून टाकायच्या.

"आज दुकानात चोर आला होता," मी सांगितलं.

सगळं ऐकून आत्या हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "दिसायला कसा आहे गं?"

"चिखल आणि कान."

"म्हणजे नीट बघितलंस," आत्या म्हणाली.

तेव्हापासून तो चोरच झाला. तो मला 'मालकीणबाई' म्हणायचा. रोज दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की यायचा, रोपवाटिकेतून आणलेली एखादी फांदी, एखादं रोप घेऊन. मी दारात धरायची, तो रस्ता ओलांडून खांबापाशी जायचा. आत्याची जागा त्याला मीच दाखवली होती.

"जरा बाजूला धरा!" तो पलीकडून ओरडायचा.

"बाजूलाच आहे!"

"तुम्ही मध्ये येताय!"

"मग दुसरीकडे बघा!"

"तेच तर जमत नाहीये…" हे तो हळू म्हणायचा, पण नेमकं तेव्हाच रस्त्यावर एकही गाडी नसायची. मी रागाने वळून आत जायची, आणि बादलीत तोंड खुपसून उगाच देठ कापत बसायची. देठ आधीच कापलेले असायचे.

असे आम्ही रंग ठरवले. मखमलीसारखा गडद पेटुनिया, पुढे चेहऱ्यासारखी फुलं येणारे पॅन्सी, मागे साल्व्हियाचे उभे तुरे, आणि सगळीकडून गच्च जांभळा ॲस्टर. एकापेक्षा एक गडद. जितका गडद, तितके आम्ही दोघं खूश. शाळेतली पोरं रंगपेटी घेऊन बसावीत तसे आम्ही हट्टाला पेटलो होतो.

"सगळंच जांभळं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"सगळंच! तिला आवडतं ना!"

"मालकीणबाईंचा हुकूम," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळा वाफा जांभळा झाला.

काय दिसत होता तो! राखाडी भिंती, राखाडी आभाळ, ओले बाक, आणि मधोमध हे. मी दुकान उघडण्याआधी रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहायची. तो गुडघ्यावर बसून वाळकी फुलं खुडत असायचा. एकदा माझ्या केसांत अडकलेली पाकळी त्याने काढली, आणि तळहातावर घेऊन इतका वेळ बघत राहिला, की मीच म्हटलं, "खरा रंग कळला का?"

"कळतोय… हळूहळू."

मला तेव्हाच समजलं होतं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय. आणि लगेच दुसरंही आठवलं, की त्याचं काम संपत आलंय. दुसऱ्या गावी एका मोठ्या बागेचं काम त्याने आधीच घेतलं होतं. वरची जाणार, खालचाही जाणार. मी आपली बादल्या धुवत बसणार.

पण संध्याकाळी आत्याकडे जाताना जिन्यावर पाय हलके पडायचे. हे खोटं कशाला सांगू?

"आज कुठलं फुललं गं?" आत्या विचारायची.

"साल्व्हिया. तुरे बघितलेस का?"

"बघितले ना! काय तुरे आलेत! आणि पुढचे पॅन्सी?"

"ते तर चेहरे करून बसलेत नुसते."

"हो गं, अगदी चेहरे. दिवसभर बघत असते मी." आणि माझा हात थोपटायची. तिचा हात आता पानासारखा हलका झाला होता.

मग एके सकाळी दुकानात फोन आला. आत्याची रात्र वाईट गेली होती. सिस्टरनी लगेच यायला सांगितलं. मी पहिल्यांदाच दिवसाउजेडी त्या खोलीत गेले.

आत्या डोळे मिटून पडली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. मी खुर्ची ओढली, तिचा हात धरला, आणि खिडकीकडे बघितलं. पडदे उघडे होते.

खिडकीच्या काचेला ऊन अडवायला तपकिरी पारदर्शक कागद चिकटवलेला होता. खिडकी उघडण्यातली नव्हती, पक्की बंद. मी उठून काचेला नाक लावलं. खाली आमचा वाफा होता. काळा. नुसता काळा. साल्व्हिया नाही, पॅन्सी नाही, चेहरे नाहीत, काही नाही. पावसाने भिजलेला चिखलाचा एक चौकोन.

ती रोज दिवसभर हे बघत होती. आणि मी रोज संध्याकाळी येऊन विचारत होते, तुरे बघितलेस का! आणि मग लख्ख आठवलं… ती नेहमी मला आधी बोलायला लावायची. मी जे सांगेन तेच परत मला सांगायची.

मी धावत खाली गेले. तो वाफ्यापाशीच होता.

"तुम्ही एकदा तरी वर जाऊन बघितलंत?" मी ओरडले. "एकदा तरी? मोठे उजेडात रंग बघणारे! वरून काळं दिसतंय सगळं! चिखल दिसतोय! ती मरायला टेकलीय आणि तिला चिखल दिसतोय!"

तो उभा राहिला. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. "मला वर सोडत नाहीत," तो म्हणाला. "चिखलाचे बूट. तुम्ही रोज जात होतात ना…?"

"पडदे असायचे!" आणि मला रडू फुटलं. माझं रडणं काही नाजूक नसतं. मी भोकाड पसरते. बाकावरची माणसं बघायला लागली.

त्याने मला जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. वर त्या तपकिरी खिडकीकडे बघितलं, मग वाफ्याकडे. मग म्हणाला, "वर जा. खिडकीत उभ्या राहा. मी खाली धरतो. जे दिसेल तेच ठेवू."

"आणि ती…"

"तिला उठवा. ती फुलवाली आहे. मरताना निजून राहण्यापेक्षा तिला हे आवडेल."

त्याचं खरं होतं. आत्याला मी सांगितलं तेव्हा तिने एक डोळा उघडला. "कळलं का अखेर?" ती म्हणाली.

"बोलली का नाहीस?"

"तू इतकी वर्षं या जिन्यावर, त्या जिन्यावर, सगळीकडे पाय आपटत चढतेस. आता हसत यायला लागली होतीस. चिखलापायी ते कशाला घालवू?" एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. मग म्हणाली, "मला जरा वर उचल. बघू दे तुझा चोर."

सिस्टर रागावल्या, आणि मग त्यांनीच पलंगाचं डोकं वर करून दिलं.

खाली त्याने हातगाडी आणली होती, रोपवाटिकेतल्या असतील नसतील तेवढ्या कुंड्या घेऊन. एकेक उचलून डोक्यावर धरायचा. गडद पेटुनिया… आत्याने मान हलवली, नाही. मी खिडकीतून हात हलवला, नाही. आयरिस, नाही. मग त्याने फिकट जांभळा ॲस्टर धरला, दुधात जांभळाने माखलेलं बोट बुडवल्याइतका फिकट. आत्याचे डोळे थांबले.

"हा दिसतो," ती म्हणाली. "पण मेला एकटा आहे. त्याला सांग, शेजारी पिवळं धर. लिंबासारखं."

मी खुणेने लिंबू कसं दाखवणार? मी लिंबू पिळून तोंड वाकडं करून दाखवलं. तो खालून बघतच राहिला… आणि मग खो खो हसत सुटला, पावसात, कुंडी डोक्यावर घेऊन. आत्याही हसली. पण त्याला कळलं. त्याने पिवळी शेवंती आणली, लिंबासारखीच, आणि ॲस्टरच्या शेजारी धरली. मग त्या दोघांच्या मागे आपला तो जुना गडद साल्व्हिया.

तेव्हा साल्व्हियाही दिसला. काळा नाही, जांभळा. कागदाच्या तपकिरीतूनसुद्धा.

"किती वर्षं घसा फोडला मी," आत्या म्हणाली. "जांभळ्याला शेजार लागतो. एकट्या जांभळ्याचा खड्डा होतो. विसरलीस ना?"

"विसरले."

"आवडतो का गं तो तुला?"

"हो," मी म्हटलं. "फार आवडतो."

"मग त्याला सांग. मला सांगून काय उपयोग? मी चालले." आणि डोळे मिटून, जणू दुकान बंद करतेय अशा आवाजात म्हणाली, "कान मोठे आहेत, ऐकू जाईल."

संध्याकाळपर्यंत त्याने वाफा पुन्हा लावला. आत्याने तो उजेड असेपर्यंत बघितला, आणि मग दुसरा दिवसही बघितला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मी जवळ होते. पडदे मी उघडेच ठेवायला लावले होते.

आदल्या दुपारी तो दुकानात आला होता. नव्या कामाचा निरोप आला होता, उद्या सकाळच्या गाडीने निघायचं होतं. दारातच उभा राहिला, चिखल आत नको म्हणून. "मालकीणबाई…" तो म्हणाला, आणि थांबला. मी त्याला सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मनात आलं, आत्या जाणार म्हणून दयेपोटी थांबला तर? दयेवर राहिलेलं माणूस मला नको होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी म्हटलं, "जा. गाडी चुकेल."

"गाडी उद्या आहे."

"मग उद्या चुकेल!"

तो मान खाली घालून गेला.

आणि आता सकाळ होती, आत्या नव्हती, आणि तिच्या निरोपाची फुलं मलाच करायची होती. दुसऱ्या कोणाच्या हातची तिने खपवून घेतली नसती. मी बादल्या बाहेर काढल्या. लिसियान्थस, आयरिस, स्टॅटिस, ॲस्टर. ट्यूबलाइटखाली सगळे निळे दिसत होते. हाताला येईल ते उचलत होते, परत टाकत होते. डोळ्यांत पाणी आलं की सगळे जांभळे एकच होतात.

शेवटी सवयीने मी ती फुलं घेऊन दारात गेले. हात लांब केले. समोर बघितलं.

खांबापाशी कोणी नव्हतं.

पावसाची झिमझिम, ओला रस्ता, रुग्णालयाचं फाटक, आणि तो एकटा खांब. मी हात तसेच धरून उभी राहिले. कोणी 'वर धर' म्हणेना, कोणी 'तो काळपट काढ' म्हणेना. आत्या गेली हे मला खोलीत कळलं नव्हतं इतकं तिथे कळलं. हात खाली घेववेना. खाली घेतले की संपलं, असं वाटत होतं.

"वर धर!"

मी दचकले. फाटकातून तो बाहेर येत होता. खांद्याला पिशवी, अंगात बऱ्यापैकी स्वच्छ शर्ट, बूट मात्र तेच. धावतच आला आणि खांबापाशी उभा राहिला.

"अजून वर! डावीकडे! आयरिस काढ, काळपट दिसतेय!"

'धर' म्हणाला होता. 'धरा' नाही.

"गाडी?" मी ओरडले.

"गेली असेल!"

"दयेपोटी थांबला असशील तर चालता हो!"

"दया?" तो पलीकडून ओरडला. "तुझ्यावर? तुझ्या तोंडाचा पट्टा ऐकलाय सगळ्या रस्त्याने! दया आलीच तर माझी मला येते!"

शेजारचा औषधवाला दारात येऊन उभा राहिला. फाटकावरचा रखवालदार बघायला लागला. मध्ये एक रुग्णवाहिका हळूहळू गेली, आणि तो दिसेनासा झाला. त्या एवढ्याशा वेळात माझा जीव असा काही घाबरा झाला, की गाडी पुढे सरकून तो पुन्हा दिसल्याबरोबर मी जिवाच्या आकांताने ओरडले, "माझं प्रेम आहे तुझ्यावर! जाऊ नकोस! ऐकू आलं का?"

त्याने हाताने आपला एक कान पुढे करून दाखवला, आणि मग तोच हात डोळ्यांवर नेला. तो रडत होता. माझ्यासारखाच, अजिबात नाजूकपणा न ठेवता.

मग रस्ता ओलांडायला निघाला, आणि मध्येच थांबला, परत खांबापाशी गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिकडे आलो तर इथून कोण बघणार?" त्याने नाक पुसलं. "आधी काम. आत जा, लिंबासारखी शेवंती घेऊन ये, आणि नीट धर. आत्याबाई खोळंबल्यात."

मी आत गेले, शेवंती आणली, आणि आयरिस काढून टाकली.